कॅनडातलं पीजीडब्ल्यूपी: १८० दिवसांच्या भरवशावर राहू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ओंटारियोतल्या एका सरकारी विद्यापीठातला तुमचा १६ महिन्यांचा मास्टर्स येत्या डिसेंबरात संपतोय. स्टडी परमिटवर ३१ मार्चची तारीख आहे, पासपोर्ट पुढच्या ऑक्टोबरात संपतो, आयईएलटीएस अकॅडमिक प्रवेशाच्या वेळी दिलं होतं आणि फेब्रुवारीत बहिणीच्या लग्नाला भारतात जायचं आहे. पोस्ट-ग्रॅज्युएशन वर्क परमिटच्या (पीजीडब्ल्यूपी, म्हणजे शिक्षण संपल्यावर काम करायची परवानगी) अर्जाला १८० दिवस मिळतात असं सगळे सांगतात, तेव्हा लग्न आणि जूनमधला पदवीदान समारंभ आटोपून निवांत अर्ज केला तर चालेल का? तोवर सध्याची अर्धवेळ नोकरी चालू ठेवता येईल का? परमिट किती वर्षांचं मिळेल? शेवटी, कॉलेजात बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा करणाऱ्या तुमच्या रूममेटला ते मिळेल का?

मुदतीचं उत्तर सोपं आणि आनंदाचं आहे. १५ फेब्रुवारी २०२४ पासून मास्टर्ससाठी वेगळा नियम आहे. अभ्यासक्रम किमान आठ महिन्यांचा असला, की तो दोन वर्षांहून छोटा असला तरी परमिट तीन वर्षांचं मिळतं. त्याआधी तुमच्या १६ महिन्यांना १६ महिन्यांचंच परमिट मिळालं असतं. बाकीच्या अभ्यासक्रमांचा हिशेब जुनाच आहे: आठ महिन्यांहून कमी असेल तर काहीच नाही, आठ महिने ते दोन वर्षं असेल तर अभ्यासक्रम जेवढा तेवढं परमिट, दोन वर्षं किंवा जास्त असेल तर तीन वर्षं. हे ओपन वर्क परमिट आहे, म्हणजे कुठल्याही मालकाकडे, कुठल्याही शहरात काम करता येतं. ते आयुष्यात एकदाच मिळतं. पुढे कधी दुसरी पदवी घेतलीत तरी पुन्हा मिळणार नाही, म्हणून मी या अर्जाच्या बाबतीत माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तारखांचा कागद आधी मांडायला लावतो.

आता निवांत अर्ज करण्याबद्दल. नाही, चालणार नाही. १८० दिवसांची गोष्ट खरी आहे, पण ती अर्धी आहे, आणि या अर्ध्या माहितीवर विसंबून चांगल्या गुणांनी पास झालेली मुलं अडचणीत आलेली मी वर्षानुवर्षं पाहतोय.

तुमच्या बाबतीत तीन मुदती एकाच वेळी चालू असतात. पहिली, अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं विद्यापीठाने लेखी कळवलं त्या दिवसापासूनचे १८० दिवस. दुसरी, स्टडी परमिटवर छापलेली तारीख. तिसरी कुणी सांगत नाही: अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर ९० दिवसांनी स्टडी परमिट कायद्यानेच संपतं, मग त्यावर पुढची कुठलीही तारीख छापलेली असो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मुदतीतली जी आधी येईल ती लागू.

तुमच्या तारखा घालून पाहू. समजा अंतिम ट्रान्सक्रिप्ट २२ डिसेंबरला आली. तिथून ९० दिवस म्हणजे २२ मार्च. परमिटवर ३१ मार्च लिहिलेलं असलं तरी तुमचं परमिट २२ मार्चलाच संपलं. १८० दिवस मात्र २० जूनपर्यंत जातात. म्हणजे मार्चअखेरीपासून २० जूनपर्यंत तुम्ही कागदोपत्री पीजीडब्ल्यूपीचा अर्ज करायला पात्र, पण कॅनडात राहायला तुमच्याकडे वैध दर्जा नाही आणि काम करायला परवानगी नाही. त्या काळात अर्ज करायचा तर दर्जा पूर्ववत करण्याचा अर्ज सोबत करावा लागतो. त्यालाही दर्जा गेल्यापासून ९० दिवसांचीच मुदत आहे, त्याची फी वेगळी, आणि निर्णय येईपर्यंत एक दिवसही काम करता येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे देशाबाहेर जाऊन तिथून अर्ज करायचा आणि परमिट मंजूर होईपर्यंत बाहेरच थांबायचं. दोन्हींत तुमचे कमाईचे महिने जातात, आणि तेही नुकती पदवी हातात आल्यावर, नोकरी शोधण्याच्या ऐन भरात.

समारंभाची वाट पाहण्याचा तर प्रश्नच नाही. दिवस मोजायला सुरुवात होते ती पहिल्या लेखी सूचनेपासून. ट्रान्सक्रिप्ट, कम्प्लिशन लेटर, विद्यापीठाचा अधिकृत ईमेल, यांतलं जे सगळ्यांत आधी आलं ती तारीख धरायची. जूनमध्ये झगा घालून फोटो काढाल तोवर तुमची मुदत जवळजवळ संपलेली असेल.

माझा सल्ला असा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच रजिस्ट्रार ऑफिसला कम्प्लिशन लेटरसाठी अर्ज देऊन ठेवा. नाताळ ते नवीन वर्ष विद्यापीठांची ऑफिसं बंद असतात आणि त्या आठवड्यात पत्र अडकलं की जानेवारीचा पहिला पंधरवडा गेलाच. पत्र आणि अंतिम ट्रान्सक्रिप्ट दोन्ही हातात आले की त्याच आठवड्यात ऑनलाइन अर्ज भरा. फी वर्क परमिटची १५५ डॉलर आणि ओपन वर्क परमिटधारकाची १०० डॉलर, अशी २५५ कॅनडियन डॉलर आहे. दोन्ही भरा. नुसते १५५ भरून अर्ज अपुरा म्हणून परत आलेला मी पाहिला आहे, आणि तो परत येईपर्यंत स्टडी परमिटची तारीख उलटून गेली होती.

ट्रान्सक्रिप्ट पाठवण्याआधी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी नीट वाचा. प्रत्येक सत्रात तुम्ही पूर्णवेळ विद्यार्थी असायला हवं. सूट फक्त शेवटच्या सत्राला आहे, कारण तेव्हा एखाद-दुसराच विषय उरलेला असू शकतो. मधल्या एखाद्या सत्रात विषय सोडल्यामुळे तुम्ही अर्धवेळ दिसत असाल, किंवा सुट्टी घेतली असेल, तर कारण आणि कागद आत्ताच जमवा. संस्थेने मंजूर केलेली सुट्टी १५० दिवसांपर्यंत असेल तर सहसा अडचण येत नाही. अधिकाऱ्याने विचारायची वाट पाहू नका. अर्जासोबत एक पानाचं स्पष्टीकरण आणि विद्यापीठाचं पत्र जोडा. न विचारता दिलेलं खरं स्पष्टीकरण आणि विचारल्यावर दिलेलं स्पष्टीकरण यांचं वजन सारखं नसतं.

नोकरीचं उत्तर जरा बारकाईने वाचा, कारण सर्वांत जास्त नियमभंग इथे होतात आणि ते करणाऱ्याला कळतही नाही. वर्ग चालू असताना कॅम्पसबाहेर आठवड्याला २४ तासांची मर्यादा आहे. ८ नोव्हेंबर २०२४ पासून ती २४ आहे, त्याआधी २० होती, आणि मधल्या काळात, १५ नोव्हेंबर २०२२ ते ३० एप्रिल २०२४, ती तात्पुरती उठवली होती. त्या सवलतीच्या आठवणीवर आजही काही मुलं चालतात. सत्रांमधल्या ठरलेल्या सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं. पण ती सुट्टी दोन सत्रांच्या मध्ये असली पाहिजे. तुमचं शेवटचं सत्र डिसेंबरात संपलं की त्यापुढचा नाताळ ही तुमच्यासाठी सत्रांमधली सुट्टी नाही, कारण पुढे सत्रच नाही. नेमक्या त्याच दिवसांत दुकानं आणि गोदामं जास्त तास देतात. घेऊ नका.

म्हणून क्रम असा ठेवा: शेवटची परीक्षा झाल्यापासून लेखी सूचना येईपर्यंत २४ तासांच्या आत राहा. सूचना आली की काम थांबवा. पीजीडब्ल्यूपीचा अर्ज दाखल झाला की दुसऱ्या दिवसापासून पूर्णवेळ, कुठल्याही मालकाकडे, निर्णय येईपर्यंत काम करू शकता. या शेवटच्या सवलतीला तीन अटी आहेत. अर्जाच्या दिवशी स्टडी परमिट वैध हवं, अभ्यासक्रम पूर्ण झालेला हवा, आणि शिकत असताना कॅम्पसबाहेर काम करण्याची पात्रता तुमच्याकडे असायला हवी आणि तिची मर्यादा तुम्ही पाळलेली असायला हवी. अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गेला तर काम बंद ठेवायचा काळ मोजक्या दिवसांचा होतो. तोच अर्ज मार्चपर्यंत लांबवलात तर तीन महिने. घाई करायला सांगतो ती यासाठीही.

आणखी एक फायदा आहे. परमिटची तीन वर्षं अधिकारी ते जारी करतो तेव्हापासून सुरू होतात. निर्णयाला काही महिने लागले तर त्या काळातलं तुमचं कायदेशीर पूर्णवेळ काम या तीन वर्षांच्या वरचं आहे, आणि पुढे कायम वास्तव्याच्या अर्जात ते अनुभव म्हणून धरलं जातं. निर्णयाला वेळ लागतोय म्हणून मुलं हवालदिल होतात, पण अर्ज वेळेवर गेला असेल तर हा वेळ तुमच्याच पदरात पडतो. मालकाने परवानगीचा पुरावा मागितला तर इमिग्रेशन खात्याकडून तुमच्या ऑनलाइन खात्यात येणारं पत्र दाखवा. सिन नंबरची (नोकरीसाठी लागणाऱ्या सामाजिक विमा क्रमांकाची) मुदतही नव्या कागदावर वाढवून घ्यायला विसरू नका. ९ ने सुरू होणाऱ्या सिनला परमिटइतकीच मुदत असते.

भाषेची परीक्षा. तुमचं आयईएलटीएस दोन कारणांनी चालणार नाही: ते अकॅडमिक आहे आणि अर्जाच्या दिवशी निकाल दोन वर्षांच्या आतला असावा लागतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून पीजीडब्ल्यूपीच्या प्रत्येक अर्जाला भाषेचा निकाल लागतो. फ्लाइट स्कूलचे विद्यार्थी तेवढे वगळले आहेत. तुम्ही इंग्रजीतूनच मास्टर्स केला याने काही फरक पडत नाही, हे ऐकून अनेकांना राग येतो आणि तो मला समजतो, पण नियम असाच आहे. बॅचलर्स, मास्टर्स आणि डॉक्टरेटला चारही कौशल्यांत सीएलबी (भाषेची पातळी मोजायची कॅनडाची पट्टी) ७, कॉलेजच्या डिप्लोमा आणि सर्टिफिकेटला सीएलबी ५. आयईएलटीएस जनरल ट्रेनिंगमध्ये सीएलबी ७ म्हणजे ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या प्रत्येकात किमान ६.०. सरासरी ७ आली आणि लिहिण्यात ५.५ असेल तर पात्र नाही. आयईएलटीएसऐवजी सेल्पिप जनरल किंवा पीटीई कोअर चालतं, पण पीटीई अकॅडमिक नाही. फ्रेंचसाठी टीईएफ कॅनडा आणि टीसीएफ कॅनडा.

तारीख आत्ताच घ्या, ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरातली. डिसेंबरात परीक्षा आणि जानेवारीत अर्ज असं ठरवलंत आणि एखाद्या कौशल्यात कमी पडलात, तर पुन्हा बसायला वेळ मिळाला पाहिजे. आणि कृपा करून ६.० चं ध्येय ठेवू नका. हाच निकाल तुम्हाला वर्ष-दीड वर्षाने एक्स्प्रेस एन्ट्रीसाठी, म्हणजे कायम वास्तव्यासाठी गुणांवर होणाऱ्या निवडीसाठी, वापरायचा आहे आणि तिथे सीएलबी ७ आणि सीएलबी ९ यांच्या गुणांत फार मोठं अंतर आहे. सीएलबी ९ म्हणजे ऐकण्यात ८, बाकी तिन्हींत ७. नोव्हेंबरात दिलेली परीक्षा पुढच्या-पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत वैध राहते. फेब्रुवारी-मार्चमध्ये नोकरी लागली तर वर्षाचा अनुभव त्याच्या आत पूर्ण होतो. म्हणजे एकाच परीक्षेत दोन कामं होतात. अभ्यासक्रमाचा शेवटचा प्रकल्प चालू असताना तयारी जड जाते, हे मान्य. तरी महिनाभर रोज लेखनाचा सराव करा. भारतातून आलेल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांचेही गुण बहुतेक वेळा लेखनातच अडकतात.

पासपोर्ट. परमिट पासपोर्टच्या मुदतीपलीकडे दिलं जात नाही. सध्याच्या पासपोर्टवर अर्ज केलात तर तीन वर्षांऐवजी पुढच्या ऑक्टोबरपर्यंतचंच परमिट मिळेल. उरलेली मुदत बुडत नाही, नवा पासपोर्ट आल्यावर वाढवून घेता येते, पण तो वेगळा अर्ज, वेगळी फी आणि नव्याने वाट पाहणं. मधल्या काळात अल्प मुदतीचं परमिट पाहून मालक नोकरी देताना कचरतात, ते नुकसान तर कुठेच मोजलं जात नाही. तुमच्या पासपोर्टला आता साधारण वर्षच उरलं आहे, तेव्हा भारतीय पासपोर्टचे अर्ज घेणाऱ्या बीएलएस केंद्रामार्फत नूतनीकरणाचा अर्ज लगेच करा, म्हणजे जानेवारीत नवा पासपोर्ट हातात असेल. जुन्या पासपोर्टमध्ये कॅनडाचा व्हिसा वैध असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत बाळगून प्रवास करता येतो. जुना फेकून देऊ नका. नवा पासपोर्ट वेळेत आला नाही तर त्याच्यासाठी पीजीडब्ल्यूपीचा अर्ज अडवून धरू नका. जुन्यावर अर्ज करा आणि नवा आला की निर्णय होण्याआधी खात्याच्या वेब फॉर्ममधून त्याची प्रत पाठवा.

आता लग्न. जा, नक्की जा. अर्ज आधी दाखल करा आणि मग जा, इतकंच. पीजीडब्ल्यूपीचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर जाऊन परत येता येतं आणि परतल्यावर कामही चालू ठेवता येतं. पण परत येण्यासाठी प्रवेशाचा व्हिसा वैध हवा. स्टडी परमिट किंवा वर्क परमिट हा व्हिसा नव्हे, हे बऱ्याच जणांना विमानतळावर कळतं. तुमचा व्हिसा कोणत्या तारखेपर्यंत आहे ते पासपोर्टमधल्या स्टिकरवर पाहा. बहुधा तो स्टडी परमिटच्या तारखेलाच संपत असेल. तसं असेल तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात परत या. भारतात राहायचा मोह लांबला आणि व्हिसा संपला, तर तिथून नव्या व्हिसाचा अर्ज करून बसावं लागेल आणि त्याला किती वेळ लागेल ते तुमच्या हातात नाही. सोबत अर्ज दाखल झाल्याची पावती, कम्प्लिशन लेटर, ट्रान्सक्रिप्ट आणि स्टडी परमिट छापील स्वरूपात ठेवा. परमिट मंजूर झालं तर कागद तुमच्या कॅनडातल्या पत्त्यावर टपालाने येतो, म्हणून रूममेटला पेटी बघायला सांगून जा.

अर्ज न करता लग्नाला जाण्याचा विचार असेल तर तो सोडा. अभ्यासक्रम संपलेला, नवा अर्ज नाही, आणि तुम्ही स्टडी परमिट दाखवून आत येऊ पाहताय, अशा वेळी सीमेवरचा अधिकारी सरळ विचारेल की आता तुम्ही कशासाठी येताय. विमानतळावर किंवा अमेरिकेच्या सीमेवर जाऊन तिथल्या तिथे परमिट काढून आणण्याचा पूर्वीचा मार्गही आता नाही. २१ जून २०२४ पासून सीमेवर पीजीडब्ल्यूपीचा अर्ज घेत नाहीत.

जाता जाता आरोग्य विम्याकडे लक्ष द्या. विद्यापीठाचा विमा अभ्यासक्रमाबरोबर संपतो, आणि ओंटारियोचं आरोग्य कार्ड मिळायला वर्क परमिट आणि पूर्णवेळ नोकरी दोन्ही लागतात. मधल्या महिन्यांसाठी खासगी विमा घ्या. एका रात्रीच्या रुग्णालयाचं बिल तुमच्या सहा महिन्यांच्या भाड्याएवढं होऊ शकतं.

तुमच्या रूममेटचं प्रकरण वेगळं आहे आणि तिथे मला एका गोष्टीचं उत्तर आधी हवं: त्याने स्टडी परमिटचा अर्ज कोणत्या दिवशी केला? १ नोव्हेंबर २०२४ च्या आधी केला असेल तर विषयाची अट त्याला लागत नाही. तो डिप्लोमा सरकारी कॉलेजचा असेल आणि बाकी सगळं जुळत असेल तर सीएलबी ५ दाखवून त्याला परमिट मिळेल. त्या दिवशी किंवा नंतर केला असेल, तर पदवीखालच्या अभ्यासक्रमांचा विषय खात्याच्या यादीत असावा लागतो. यादी देशात दीर्घकाळ तुटवडा असलेल्या व्यवसायांशी जोडलेली आहे: आरोग्यसेवा, शेती, विज्ञान-तंत्रज्ञान, बांधकाम आणि इतर कुशल कारागिरी, वाहतूक, आणि २०२५ पासून शिक्षण. साधा बिझनेस मॅनेजमेंट त्यात बसत नाही. तुमच्यासारख्या बॅचलर्स, मास्टर्स, डॉक्टरेटवाल्यांना ही अट नाही.

विषय ठरतो तो अभ्यासक्रमाच्या नावावरून नव्हे, अभ्यासक्रमांच्या वर्गीकरणातल्या सहा अंकी सीआयपी कोडवरून. कॉलेजच्या जाहिरातीत नाव कितीही तांत्रिक वाटलं तरी कोड व्यवस्थापनाचा असू शकतो. त्याला कॉलेजकडून कोड लेखी मागायला सांगा आणि यादीत स्वतः शोधायला सांगा. यादी बदलत राहते. जून २०२५ मध्ये ११९ विषय आले, १७८ काढले, आणि जुलैच्या सुरुवातीलाच काढलेले विषय तात्पुरते परत घेतले. स्टडी परमिटच्या अर्जाच्या दिवशी विषय यादीत असेल तर नंतर तो वगळला गेला तरी विद्यार्थ्याचं नुकसान होत नाही, म्हणून त्या दिवसाची यादी आणि अर्जाची पावती त्याने जपून ठेवावी. तसंच त्याचं कॉलेज खरोखर सरकारी आहे, की सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम खासगी संस्थेच्या इमारतीत शिकवला जातोय, हे तपासायला सांगा. अशा भागीदारीत २०२४ मध्ये नियम बदलल्यानंतर प्रवेश घेतलेल्यांना पीजीडब्ल्यूपी मिळत नाही. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण ही मुलं फसवली गेलेली असतात. प्रवेश देणाऱ्या एजंटाचं कमिशन मिळून गेलेलं असतं आणि कर्ज वडिलांच्या नावावर उभं असतं. त्याच्यावर तशी वेळ असेल तर आहे त्या परमिटवर दिवस ढकलण्यापेक्षा, पात्र अभ्यासक्रमात किंवा पदवीकडे वळता येतं का हे आत्ताच पाहावं. संस्था बदलायची तर नवीन स्टडी परमिट लागतं, त्यामुळे तोही वेळ धरावा.

तुमच्याकडे परत येतो. तुम्ही विचारलं नाहीत, पण ही तीन वर्षं कशासाठी वापरायची हा प्रश्न अर्जापेक्षा मोठा आहे. कॅनडियन एक्स्पीरियन्स क्लासमधून कायम वास्तव्यासाठी पात्र व्हायला कॅनडातला एक वर्षाचा, म्हणजे १,५६० तासांचा, कुशल कामाचा पगारी अनुभव लागतो. कुशल म्हणजे कॅनडाच्या व्यवसाय-वर्गीकरणातले टीअर (स्तर) ०, १, २ किंवा ३. आठवड्याला ३० तासांपर्यंतच मोजले जातात, त्यामुळे ६० तास राबून सहा महिन्यांत वर्ष भरत नाही. पूर्णवेळ विद्यार्थी असतानाचं काम धरत नाहीत. गोदामातलं, डिलिव्हरीचं, काउंटरवरचं काम टीअर ४ आणि ५ मध्ये येतं. पोट भरायला ते करण्यात काही गैर नाही, पण त्यात दोन वर्षं गेली तर या मार्गासाठी ती शून्य आहेत. टीअर ठरतो प्रत्यक्ष कामावरून. ऑफर लेटरवर मॅनेजर लिहिलं आणि दिवसभर गल्ल्यावर उभं केलं तर ते मॅनेजरचं काम होत नाही.

तुम्ही माहिती तंत्रज्ञानात आहात म्हणून हे खास सांगतो. काही कंपन्या नवख्या मुलांना स्वतःची कंपनी नोंदवून कंत्राटावर काम करायला सांगतात. हातात पैसे थोडे जास्त येतात. पण स्वयंरोजगार या वर्गात मोजत नाही. वर्ष संपल्यावर टी-४ स्लिप (मालकाने द्यायचा वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला), पगाराच्या पावत्या आणि तुमची कामं, तास, पगार, तारखा सांगणारं मालकाचं पत्र देता आलं पाहिजे. नोकरी स्वीकारण्याआधीच विचारा: टी-४ मिळेल का? उत्तर टाळाटाळीचं आलं तर मी ती नोकरी घेऊ नका असं सांगेन, पगार कितीही असो.

त्यानंतरही वर्षाचा अनुभव म्हणजे एक्स्प्रेस एन्ट्रीतून कायम वास्तव्याच्या अर्जाचं आमंत्रण नव्हे. अलीकडे या वर्गाचे कट-ऑफ ५०० च्या वर राहिले आहेत. नोकरीच्या ऑफरचे वेगळे गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले, तेव्हा कुणी पैसे घेऊन एलएमआयए (परदेशी माणूस नेमायला मालकाला लागणारी सरकारी मंजुरी) मिळवून देतो, त्याने गुण वाढतील असं म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय. ते गुणच आता नाहीत, शिवाय नोकरी विकत घेणं हा गुन्हा आहे. उघडकीला आलं तर खोट्या माहितीसाठी पाच वर्षांची बंदी बसते. हेच पैसे आणि हाच वेळ फ्रेंचवर खर्च करा. फ्रेंच येणाऱ्यांसाठीच्या फेऱ्यांचे कट-ऑफ बरेच खाली, ४०० च्या आसपासही आलेले आहेत. चारही कौशल्यांत सातवा स्तर लागतो. मराठी माणसाला फ्रेंच अशक्य नाही. नोकरी सांभाळून दीड-दोन वर्षं लागतात, म्हणून पहिल्याच वर्षी सुरुवात करा. तिसऱ्या वर्षी घाबरून सुरू केलेलं फ्रेंच कुणाच्या कामी आलेलं मी फारसं पाहिलं नाही.

शेवटी मुदतवाढीची आशा. २०२१ ते २०२३ या काळात सरकारने संपलेली पीजीडब्ल्यूपी विशेष धोरणाने १८ महिन्यांनी वाढवली होती. ती करोनानंतरच्या मनुष्यबळाच्या टंचाईची गोष्ट होती. आता सरकार तात्पुरत्या रहिवाशांची संख्या कमी करतंय, आणि तशी वाढ पुन्हा देण्याचा विचार नसल्याचं त्याने आधीच सांगितलं आहे. कायम वास्तव्याचा अर्ज दाखल होऊन तो स्वीकारल्याचं पत्र आलं असेल तर परमिट संपताना ब्रिजिंग ओपन वर्क परमिट मिळू शकतं, पण त्यासाठी आधी आमंत्रण यायला हवं. त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तुमचे गुण कट-ऑफपासून लांब असतील तर मालकाशी खऱ्या एलएमआयएबद्दल किंवा प्रांताच्या नामनिर्देशनाबद्दल बोलणं तेव्हाच सुरू करा, कारण मालकाच्या बाजूचे कागद तयार व्हायलाच कित्येक महिने जातात.

परीक्षेची तारीख आणि पासपोर्टचा अर्ज ही दोन कामं या आठवड्यात करा. जानेवारीत अर्ज दाखल करण्याआधी ट्रान्सक्रिप्टमध्ये काही शंका वाटली, तर परवानाधारक सल्लागार किंवा वकिलाला दाखवा. सल्लागाराचं नाव कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या सार्वजनिक नोंदवहीत आहे ना, ते फी देण्याआधी ऑनलाइन पाहता येतं.